सिंगल बेल

आमचे हे कंडक्टर आहेत, हे मला कुणाला सांगावं लागत नाही. घरात पाऊल टाकलं की कळतं. "पुढे सरका, दारात गर्दी करू नका," हे वाक्य ते आमच्या स्वयंपाकघरात म्हणतात. जेवायला बसले की "कोण राहिलंय?" असं विचारून मगच पहिला घास घेतात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकदा वैतागून म्हणाले, "अरे, मी तुझा बाप आहे, पॅसेंजर नाही." तर हे म्हणाले, "ज्येष्ठांसाठी राखीव जागा आहे, बसून घ्या."

त्यांच्या मार्गावर त्यांना मान आहे, आणि तो उगाच नाही. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबव, डबल बेल म्हणजे चल, एवढं तर बसमधून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण म्हातारं माणूस उतरत असेल, तर त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय हे डबल बेल मारत नाहीत. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं तरी नाही. ड्रायव्हर आरशातून डोळे वटारतो, हे दुसरीकडे बघतात. एकदा बाजारात एका आजीबाईंनी मला गाठलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तुझा नवरा म्हणजे सोनं आहे गं." मी म्हटलं, "आठवडाभर घेऊन जा, मग सांगा."

माझा स्वभाव जरा तापट आहे. जरा म्हणजे किती, हे आमच्या ह्यांना विचाराल तर ते आधी मी कुठे आहे ते बघतील आणि मग उत्तर देतील. मी घरी शिवणकाम करते. मशीन बाहेरच्या खोलीत, अगदी बाथरूमच्या दारासमोर. त्यामुळे घरातलं कोण किती वेळ आत आहे, हे मला पायडल मारता मारता कळत असतं, इच्छा असो वा नसो.

घरात माणसं पाच आणि बाथरूम एक. सकाळी ह्यांची पहिली ड्यूटी, भावोजींचं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाचं, कॉलेज, मुंगीची शाळा, सगळं एकाच वेळी. भावोजी आत गेले की भांग पाडून बाहेर येईपर्यंत बाहेरच्याचे केस पिकावेत. त्यावर ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच उपाय काढला होता. तिकिटाच्या पेटीची किल्ली घ्यायची आणि बाथरूमच्या पत्र्याच्या दारावर दोनदा वाजवायची. टिंग टिंग. डबल बेल. आत असेल त्याने असेल तसं बाहेर यायचं. भावोजी एकदा अर्ध्या गालाला साबण लावून आले होते आणि तसेच उरलेली दाढी खिडकीच्या काचेत बघून करत बसले. मामंजींना तेवढा हा नियम लागू नव्हता. त्यांनी आतून "मी पासधारक आहे" असं ओरडून सांगितलं होतं.

हसायचो आम्ही. मीही हसायचे. वाईट काय होतं त्यात?

मुंगी म्हणजे आमची लेक. खरं नाव शाळेच्या पटावर आहे, ते तिथेच राहू दे. चालायला लागल्यापासून भिंतीच्या कडेकडेने काही ना काही ओढत न्यायची, कधी चमचा, कधी आजोबांची चप्पल, रिकाम्या हाताने म्हणून कधी दिसली नाही. म्हणून मुंगी. आता पहिलीत जाते. तिचं सगळं झटपट. डबल बेल वाजायची खोटी, ही फ्रॉक खाली ओढत बाहेर. "आमची मुंगी म्हणजे एक्सप्रेस," असं हे कौतुकाने म्हणायचे आणि ती दोन्ही हात पसरून घरभर धावायची.

आणि मग तिला त्रास सुरू झाला.

आधी ताप. मग पोटात दुखतं. मग शू करताना जळजळतं म्हणून रडणं. मुलांच्या डॉक्टरांनी लघवी तपासून घ्यायला सांगितली, तिच्यात जंतू निघाले. औषध दिलं, पोरगी पुन्हा टणटणीत झाली. थोडे दिवस जातात न जातात तोच पुन्हा ताप. पुन्हा औषध. आणि मधल्या दिवसांत, ताप नसतानाही, शाळेतून येताना चड्डी ओली. पूर्ण भिजलेली नाही, पण ओली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष वेधून घ्यायला करतात मुलं असं. शेजारीण म्हणाली, शाळा बुडवायची नाटकं आहेत. सल्ला द्यायला लोकांना कधी आमंत्रण लागत नाही. मी शेजारणीला म्हटलं, "ताप पण नाटकातलाच का? थर्मामीटरला कुणी शिकवलं काम करायला?" त्या दिवसापासून ती माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकत नाही.

एके दिवशी मशीनच्या मागे ठेवलेल्या चिंध्यांच्या पिशवीला वास यायला लागला. पिशवी उलटी केली तर चिंध्यांत गुंडाळून ठेवलेल्या तिच्या चड्ड्या. मी ओरडायला तोंड उघडलं. ती समोर भिंतीला चिकटून उभी होती, आणि तिचं तोंड बघून मी माझं मिटलं. तेवढ्याशा जिवाने हे सगळं कधी आणि कसं लपवलं असेल?

त्यानंतरच्या तापात डॉक्टर पहिल्यांदा गंभीर झाले. म्हणाले, "जंतू लघवीच्या पिशवीपर्यंत असतात तोवर ठीक. वर किडनीपर्यंत पोचले आणि असं वारंवार झालं, तर किडनीवर वण राहतात. ते पुसता येत नाहीत. हे असं का होतंय ते बघायलाच हवं. सोनोग्राफी करून घ्या."

त्यांनी लघवीही पुन्हा तपासायला सांगितली. सुरुवातीची सोडून द्यायची आणि मधली बाटलीत धरायची, असं त्यांच्या नर्सने मला नीट समजावलं. मी बाटली घेऊन वाकले, सुरुवातीची सोडली, मधली धरायला गेले तर संपलेलीच. मुंगी उठून उभी. "झाली," म्हणाली. मला वाटलं, पोरगी म्हणजे वाराच आहे. दुसऱ्या वेळी मी सुरुवातीचीही फार सोडली नाही, म्हणून बाटलीत कशीबशी तळाला पडली. बाहेर मामंजींची चूळ भरायची वेळ झाली होती आणि हे दारावर किल्ली वाजवत होते. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सोनोग्राफीच्या दिवशी ह्यांनी ड्यूटी बदलून घेतली. वेटिंग रूममध्ये गेलो तर सगळेच्या सगळे पाणी पीत बसलेले. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या हातात तांब्या, एक काका उभ्याने फेऱ्या मारतायत, एक बाई पाय आवळून भिंतीवरचं घड्याळ बघतेय. काउंटरवरची मुलगी मधूनमधून मान वर करून पुकारा करायची, "प्रेशर कुणाला आलंय?" की दोन-तीन हात वर. आम्ही मुंगीला बाटलीभर पाणी पाजलं. "लागली की सांग हं," मी म्हटलं.

"मला नाही लागली," मुंगी म्हणाली.

आणखी पाणी पाजलं. फेऱ्या मारणारे काका आत गेले, बाहेर आले आणि जीव वाचल्यासारखे धावत सुटले. पाय आवळणारी बाईसुद्धा गेली. मुंगी आपली खुर्चीच्या कडेने बोट फिरवत बसली होती.

"प्रेशर आलं का बाळा?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"नाही," मुंगी म्हणाली. मग माझ्या कानात म्हणाली, "मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवते. माझा पहिला नंबर आहे."

शेवटी त्यांनी तसंच आत बोलावलं. खोलीत अंधार, एक उंच पलंग आणि पडदा. डॉक्टरबाई चष्मा कपाळावर ढकलून बसल्या होत्या, आवाज बसका पण गोड. त्यांनी मुंगीच्या पोटावर जेल लावलं. "गार आहे," मुंगीने तक्रार केली.

"गारच असतं. मलाही आवडत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हातातलं यंत्र तिच्या पोटावरून फिरवू लागल्या. पडद्यावर राखाडी भुरभुर हलायला लागली.

"यात जंतू दिसतात?" मुंगीने विचारलं.

"नाही गं. ते फार बारीक असतात. ते लघवी तपासतात तेव्हा सापडतात. मी फक्त त्यांचं घर बघते. ते तुझ्याकडेच पुन्हा पुन्हा का येतात, ते इथे कळतं कधीकधी."

मग त्यांचा हात एका जागी थांबला. पडद्यावर एक मोठा काळा गोल आला होता, इतका मोठा की कडा पडद्यात मावत नव्हत्या.

"ही पिशवी. तुडुंब भरलीय," त्या म्हणाल्या. "हिला केव्हाची लागली असेल. बाळा, लागली नाही तुला?"

"थोडीशी," मुंगी म्हणाली.

"दोन्ही किडन्या किंचित फुगल्यात, पिशवीची भिंत जरा जाड वाटतेय. आता शू करून या, मग पुन्हा बघते. रिकामी पिशवी बघायचीच असते."

हे तिला घेऊन बाहेर गेले. मी तिचे बूट हातात घेऊन तिथेच बसले, आणि डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर काही वाचता येतंय का ते बघत राहिले. टॉयलेट व्हरांड्यातच होतं. थोड्या वेळाने बाहेरून ओळखीचा आवाज आला. लाकडी दारावर किल्ली. टक् टक्. सवयीने मीसुद्धा खुर्चीवरून उठून उभी राहिले.

मुंगी लगेच आत आली, फ्रॉकचं एक टोक चड्डीत अडकलेलं. पलंगावर चढून स्वतःच पोट उघडं करून झोपली.

काळा गोल पडद्यावर तसाच होता. लहान झाला होता, पण गेला नव्हता. डॉक्टरबाईंनी त्याच्यावर आडव्या-उभ्या रेघा टाकून मोजलं, पुन्हा मोजलं.

"शू झाली ना?"

"झाली."

"निम्म्याहून जास्त आत उरलीय," त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या. "पाणी साचून राहिलं की त्यात जंतू वाढणारच. औषधाने मरतात, पुन्हा होतात. प्रश्न हा आहे की पिशवी रिकामी का होत नाही. वाटेत अडथळा असेल, पिशवीला जाणाऱ्या नसांचा काही दोष असेल. तसं असेल तर पुढची तपासणी करावी लागेल. नळी घालून पिशवीत औषध भरतात आणि एक्स-रे काढतात. त्यात काय निघतं, त्यावर पुढचं."

"पुढचं म्हणजे?" मी विचारलं.

"कधी ऑपरेशनही लागतं. लगेच तिकडे जाऊ नका तुम्ही."

लगेच जाऊ नका म्हणे. मी पोचले होते.

"नळी घालताना दुखतं?" ह्यांनी विचारलं. गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज, तो समोरच्या टेबलापर्यंतही पोचला नाही.

"त्रास होतो. खोटं कशाला सांगू?"

"नळी कुठून?" मुंगीने विचारलं. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि मग तिने स्वतःच फ्रॉक खाली ओढून गुडघ्यांवर घट्ट धरला. मला वाटलं, जगातल्या सगळ्या नळ्या गोळा करून जाळून टाकाव्यात.

डॉक्टरबाईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. खुर्ची पलंगाजवळ ओढून त्या मुंगीच्या तोंडासमोर आल्या. "मला एक सांग. शू संपली, हे तुला कसं कळतं?"

असा प्रश्न मी जन्मात कुणाला विचारला नव्हता. पण मुंगीला तो अगदीच सोपा वाटला असावा.

"बेल वाजते की."

"कसली बेल?"

"डबल बेल." वर्गात मागे पडलेल्या मुलाला समजावावं तसं ती सांगू लागली. "डबल बेल वाजली की संपली. मग थांबवायची आणि उठायचं."

"आणि नाही वाजली तर?"

मुंगीने विचार केला. अशी वेळ कधी आली होती का, ते ती खरोखर आठवत होती.

"वाजतेच," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर इतकं काही एकदम आलं की दारात गर्दी झाली आणि एकही शब्द बाहेर पडेना. हे किल्ली खिशात घालायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना खिसाच सापडत नव्हता.

शेवटी मीच सगळं सांगितलं. बाथरूम एक, माणसं पाच, पत्र्याचं दार, किल्ली. सांगताना मला वाटलं, डॉक्टरबाई हसतील, नाहीतर झापतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

"आणि शाळेत?" त्यांनी मुंगीला विचारलं.

"शाळेत मी जातच नाही. तिथे कधी पण बेल वाजते."

"अच्छा." डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे एवढंच कारण असेल तर मला आनंदच होईल. पण असेलच असं मी म्हणत नाही. भिंत जाड आहे, किडन्या फुगल्यात, त्या नुसत्या धरून ठेवण्यानेही फुगतात आणि अडथळ्यानेही. पिशवीत अजून आहेच. आत्ताच पुन्हा जाऊन या. घाई नाही. पायाखाली स्टूल घ्या, मुलांचे पाय लोंबकळत राहिले की ती सगळं आवळून धरतात. आणि कृपा करून कुणी दार वाजवू नका. या वेळी पिशवी रिकामी झाली, तर नळीचं तूर्त विसरू."

म्हणजे आमच्या पोरीची नळी आता एका शूवर अडकली होती.

या वेळी मी आत गेले. स्टूल घेतलं, तिचे पाय त्यावर टेकवले, कडी लावली. मुंगी बसली. खांदे कानाजवळ, मुठी आवळलेल्या, नजर दारावर. टॉयलेटमध्ये बसलेलं मूल नव्हे, धावायच्या शर्यतीत शिट्टीची वाट बघणारी पोर दिसत होती ती. मला आत्ता दिसलं ते. रोज ती अशीच बसत असणार, आणि मी दाराबाहेर दोन हातांच्या अंतरावर मशीन चालवत होते.

"बाबा बाहेर आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"मग बेल मारेल."

"नाही मारणार."

"मारतो तो," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, तो नियम होता.

काही होईना. मी नळ सोडून बघितला. काही नाही. "अहो, जरा तिकडे लांब जा," मी दारातून ओरडले. ह्यांच्या पावलांचा आवाज दूर गेला. मुंगीने मान वाकडी करून तो ऐकला आणि ती जास्तच घाबरली. "कुठे गेला? गाडी सोडून?" तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दाराची मूठ फिरवली आणि मुंगी ताडकन उठून उभी राहिली, चड्डी वर ओढायला लागली. "झाली, झाली माझी!"

"आत माणूस आहे!" मी अशा आवाजात ओरडले की बाहेरच्या बाईचं प्रेशर तिथेच मावळलं असेल. मुंगीला परत बसवलं. "झाली म्हटलं ना मी," ती म्हणाली. मला कळेना, हिला काय सांगू. सावकाश कर, हे सांगायची पण घाईच झाली होती मला.

बाहेर ह्यांची पावलं परत आली. ते त्या बाईशी बोलत होते. "ताई, जरा दम धरा. गाडी उभी आहे."

मग दारावर किल्ली वाजली. टक्.

मुंगीचं अंग आक्रसलं. ती पुढच्या आवाजाची वाट बघत होती. मीही बघत होते. माझ्या मनात आलं, आता दुसरी वाजली तर मी दार फोडून बाहेर जाईन आणि नवरा बायकोचं नातं मग बघून घेऊ.

दुसरी वाजलीच नाही.

"सिंगल बेल," मुंगी हळूच म्हणाली. मग मोठ्याने, दाराकडे बघून, "बाबा, कोण उतरतंय?"

बाहेर किल्ली खिशात पडल्याचा आवाज आला.

"तू," हे म्हणाले. "तू उतरतेयस. सावकाश उतर. तुझे दोन्ही पाय टेकेपर्यंत गाडी जागची हलणार नाही."

"हॉर्न वाजवला कुणी तर?"

"वाजवू दे."

"ड्रायव्हर ओरडला तर?"

"मी आहे ना दारात," हे म्हणाले.

मुंगीने स्टुलावर टेकलेल्या पायांकडे बघितलं. खांदे हळूहळू खाली आले. मुठी उघडल्या. आणि मग सुरू झाली. सुरू झाली आणि चालूच राहिली. मध्ये थांबली, मी सवयीने तिला उठवायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला केला. "अजून आहे," ती आश्चर्याने म्हणाली. आणि खरंच अजून होती. शूचा आवाज ऐकून रडणारी बाई म्हणजे जगात मीच असेन. मी नळाखाली तोंड धुतलं, म्हणजे तिला कळणार नाही.

शेवटी ती थांबली. मुंगीने जरा वेळ वाट बघितली.

"आई," ती म्हणाली, "ती आपोआप संपली."

बाहेर आलो तर हे दाराला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात पसरून, आणि ती बिचारी ताई त्यांच्यासमोर भिंत धरून. ती आत पळाली. हे माझ्याकडे बघेनात. मुंगीच्या मागे मागे खोलीकडे चालले आणि मध्येच थांबून मला म्हणाले, "लोकांच्या आज्यांसाठी मी गाडी थांबवतो गं."

एवढंच म्हणाले. माझ्याकडे त्यांच्यासाठी एक मोठं भाषण तयार होतं, आणि ते फार चांगलं होतं. ते मी गिळलं. अजून आहे माझ्यापाशी, पुढेमागे दुसऱ्या कशाला तरी उपयोगी पडेल. त्या वेळी मी फक्त त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना आत नेलं.

मुंगी पलंगावर झोपली. पुन्हा जेल. या वेळी गार असल्याची तक्रारही तिने केली नाही. डॉक्टरबाईंनी यंत्र टेकवलं, फिरवलं, जरा दाबलं. पडद्यावर राखाडी भुरभुर. मी काळा गोल शोधत होते. मला काळं काहीच दिसेना आणि तो मला कुठे हवा होता आणि कुठे नको होता, हेही त्या क्षणी मी विसरले होते. डॉक्टरबाईंनी यंत्र डावीकडे नेलं, किडनी बघितली. उजवीकडे नेलं. पुन्हा खाली आणलं. एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी काळी फट होती, तिच्यावर त्यांनी रेघ टाकली.

मग त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि आमच्या ह्यांच्याकडे बघितलं.

"कंडक्टर," त्या म्हणाल्या, "गाडी रिकामी."

हे तिथल्या फिरत्या स्टुलावर एकदम बसले. स्टूल फिरलं आणि त्यांची पाठ आमच्याकडे झाली. ते तसेच राहिले.

"किडन्यांची सूजही बरीचशी उतरलीय," डॉक्टरबाई मला सांगत होत्या. "नळीची तपासणी आता नको. औषध पूर्ण करा, ठरावीक वेळाने तिला पाठवत जा, लागली नाही म्हणाली तरी. शाळेत बाईंशी बोला. वण वगैरे आत्ता तरी मला काही दिसत नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा दाखवायला या. सवय अशी एका दिवसात जात नाही, बरं का. ताप आला तर मात्र लगेच तपासा."

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या भांड्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मी डॉक्टरबाईंचे हात धरले. त्यांच्या हातांना जेल होतं, ते माझ्या हातांना लागलं.

"म्हणजे नळी नाही?" मुंगीने विचारलं.

"नाही."

"आणि घरी काका दारात आला तर?"

ह्यांनी स्टूल फिरवलं. डोळे लाल होते, ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांनी खिशातून पेटीची किल्ली काढली आणि मुंगीच्या तळहातावर ठेवली. "घरी असताना ही तुझ्याकडे. आता डबल बेल आतून वाजणार. आत असेल त्याने वाजवायची, झालं की. बाहेरच्याने नाही."

"आजोबांनी पण?"

"आजोबांनी पण. ते पासधारक असले तरी."

मुंगीने मूठ मिटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ओढून न्यायला एवढी जड वस्तू मिळाली होती. मी तिचं पोट पुसलं, फ्रॉक नीट केला. ती पलंगाच्या कडेला सरकली. पलंग उंच होता, पाय हवेत लोंबकळत होते. ह्यांनी तिला उचलून घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"थांब," मुंगी म्हणाली.

ते थांबले. ती पोटावर वळली आणि कडेवरून हळूहळू खाली घसरायला लागली. एक पाय जमीन चाचपत राहिला. बाहेर काउंटरवरची मुलगी पुढचं नाव पुकारत होती, दारात कुणीतरी डोकावून गेलं. हे हात तसेच पुढे धरून उभे होते, जागचे हलले नाहीत. तिचा एक पाय टेकला. मग दुसरा.

तिने आमच्याकडे बघितलं, पलंगाच्या लोखंडी पायावर किल्ली दोनदा वाजवली, आणि आम्ही निघालो.